वरची ओळ

माझा आवाज बाप्याचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी नाक मुरडायला नको. लहानपणी निपाणीजवळच्या आमच्या खेड्यात मी दारातनं हाक मारली की शेजारची माणसं कोण पाव्हणा आलाय म्हणून डोकवायची. शाळेत प्रार्थनेला गुरुजी मला मागच्या रांगेत उभं करायचे आणि वर सांगायचे, "तू नुसते ओठ हलव." बघायला पाव्हणे आले तेव्हा आईनं बजावलं होतं, खाली मान घालून बसायचं आणि 'व्हय', 'न्हाय' एवढंच बोलायचं. तसं केलं, आणि मला बेळगावात दिली.

सासर गाणाऱ्यांचं निघालं. सासरे दिवसा कॅम्पात मिलिटरीच्या मेसमध्ये भांडी घासायचे आणि संध्याकाळी पेटी वाजवायचे. त्यांची गायन पार्टी होती. जयंती असो, बुद्ध पौर्णिमा असो, कुणाच्या पोराचं नामकरण असो की कुणाच्या मागं पुण्यानुमोदन, आमच्या लोकांत पार्टीला बोलावणं यायचं. गाणी सासरे स्वतः बांधायचे. माझा नवरा ढोलकीला. आणि पुढं बसून गायची ती माझी थोरली नणंद. तिला सगळा गाव आक्का म्हणायचा, मीही आक्काच म्हणायची. ती नांदायला गेली होती, पण वर्षाच्या आत परत आली. का, ते तिनं सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. कॅम्पातल्या एका शाळेत ती आया होती. पोरं तिला चळाचळा कापायची.

तिचा आवाज बारीक होता, पण बारीक म्हणजे किरकिरा नव्हे. तो वर चढायला लागला की आपण मान वर करून बघावं, आढ्याला लागतोय की काय, असं वाटायचं. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात तिला पहिल्यांदा ऐकलं आणि भाकरी तव्यावर करपवली. सासू ओरडली. मला त्याचं काही वाटलं नाही.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं असतील. सांबऱ्याला कार्यक्रम होता. आमच्यात पुढच्यानं ओळ टाकली की मागनं ती उचलणारा एकजण असतो, त्याला झील ओढणं म्हणतात. तो गडी तापानं पडला होता. मी बायकांत बसले होते. आक्कानं ओळ टाकली, मागनं कुणीच उचलली नाही, आणि मला ते बघवेना. तोंडातनं आपसूक निघालं, माझ्या त्या बाप्याच्या आवाजात, तिच्या पार खालनं. सासऱ्यांच्या पेटीचा भाता हलायचा थांबला.

"ह्ये कुणी म्हटलं?"

"मी, मामा." आता बसतायत बोलणी, असं वाटलं.

सासरे आक्काला म्हणाले, "हिला हितं बसीव."

आक्कानं मला वरपासनं खालपर्यंत न्याहाळलं, लुगड्याचा घोळ आवरून जागा केली आणि म्हणाली, "बस. पण माझ्या मधीमधी करायचं न्हाय." आमच्या जोडीचं उद्घाटन हे असं झालं. हार नाही, तुरा नाही.

पेटी कायम तिच्या पट्टीत. तिथं माझा गळा सात जन्मात पोचला नसता. सासऱ्यांनी त्यावर तोड काढली. कडवी एकेकीनं म्हणायची, आणि धृपद दोघींनी मिळून. ती वरच्या अंगानं, आणि मी त्याच ओळीखाली, जिथं माझा गळा बसतो तिथं. "तू जात्याची खालची तळी," ते मला म्हणायचे. "फिरायचं तिनं. तू हलायचं न्हाय." मी हलले नाही. पण जातं फिरताना माणूस बघतंय कुणाकडं? वरच्या तळीकडंच. मला राग यायचा. खोटं कशाला बोलू?

आमचं एक गाणं लई चाललं. सासऱ्यांनीच बांधलेलं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याच्या बाहेर उभं केलं, त्यांच्यातली एक म्हातारी दारात घुटमळती, आणि आतनं तिची नात सांगती:

दार उघडं हाय गं माय, आत ये.

त्यातला तो 'ये' आक्का वर न्यायची आणि धरून ठेवायची. मी खाली. ढोलकी थांबायची, पेटी नुसती एका सुरावर, आणि तो 'ये' मांडवभर पसरायचा. बायका पदर तोंडाला लावायच्या. वडगावात मागावर बसणारी माणसं, आमच्या जातीची नव्हेत, तीसुद्धा कामं टाकून ऐकायला आली होती. चिकोडीकडं एका जैन शेतकऱ्यानं आपल्या मळ्यातल्या गड्यांसाठी मांडव घातला आणि एक तरी कन्नडात म्हणा म्हणाला. तर सासऱ्यांनी तिथंच बांधावर बसून त्या गाण्याचं एक कडवं कन्नडात बांधलं, आणि आक्कानं ते असं म्हटलं की तो शेतकरी उठून उभा राहिला. बेळगाव ते निपाणी, मधली सगळी खेडी, यष्टीच्या टपावर पेटी आणि आत मांडीवर ढोलकी, अशी आमची वर्षं गेली. कार्यक्रम संपला की बायकांचा गराडा आक्काभोवती. माझ्या हातात कुणीतरी पाण्याचा तांब्या द्यायचं आणि म्हणायचं, "आक्कास्नी द्या." मी द्यायची. घरी येऊन नवऱ्यावर चिडायची, त्या बिचाऱ्याचा काही संबंध नसताना.

मग आक्का गळ्याभोवती पदर लपेटून बसायला लागली. उन्हाळ्यातसुद्धा. 'ये' धरायची तिथं तिचा श्वास मधेच ओढल्यागत व्हायचा. समोरच्यांना कळत नव्हतं, पण मी शेजारी बसणारी. एकदा न्हाणीत केस धुताना मी पाठीमागनं गेले आणि बघितलं. गळ्याच्या पुढं गाठ होती, चांगली लिंबाएवढी.

"आक्का, ह्ये काय?"

"काय न्हाय. तू पाणी वत."

"मी दवाखान्यात नेणार."

"तुझ्या बानं ठेवलीय काय मला?"

असं आमचं चाललं कितीतरी महिने. शेवटी शाळेत जिना चढताना तिला धाप लागून चक्कर आली, तेव्हा मी तिला रिक्षात घालून नेलीच. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर शांत माणूस होते. गाठ श्वासनळी दाबतेय, काढावी लागेल, म्हणाले. आणि मग म्हणाले, आवाजाची नस त्या गाठीच्या अगदी अंगाला लागून जाते, आम्ही जपू, पण हमी देता येत नाही.

आक्कानं विचारलं, "किती पट्टी उतरंल?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "आवाज किती खाली जाईल, असं विचारतीय." ते म्हणाले, असं मोजून सांगता येत नाही.

त्या दिवशी जेवताना ती सासऱ्यांना म्हणाली, "आप्पा, आवाज गेला तर मी कोण?"

"माझी लेक."

"ती हायेच. ती बघाय कोण येतंय?"

सासरे जेवणावरनं उठून गेले. मी मात्र गप्प बसले नाही. म्हटलं, तुम्हाला मरायचं असलं तर मरा, पण माझ्या शेजारी बसून मरायचं न्हाय. लई वाईट बोलले. पण मला ती हवी होती, आणि तिचा आवाजही हवा होता. दोन्हीतलं एक निवडायची पाळी आलीय हे दिसत होतं, आणि तिच्या वतीनं मीच निवडत होते. दुसऱ्या दिवशी ती तयार झाली.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ साधी निघाली. टाके काढताना डॉक्टरांनी बजावलं: आता हळूहळू बोलायला लागा, गळ्याला काम दिल्याशिवाय आवाज परतणार नाही, आणि पंधरा दिवसांनी दाखवायला या.

आता इथं आमच्यासारख्यांनीच करावी अशी चूक झाली. आमच्या पार्टीत गळ्याला दवा एकच, मौन. मोठा कार्यक्रम असला की आधी दोन दिवस आक्का बोलायची नाही. घसा बसला तर आठवडाभर नाही. आणि दर वेळी मौन सोडलं की आवाज चिंचेनं घासलेल्या तांब्यागत लख्ख निघायचा. मग एवढ्या मोठ्या जखमेला मौनही तेवढंच मोठं पाहिजे, हा हिशेब. "डाक्टरला गाण्यातलं काय कळतंय?" सासरे म्हणाले. आक्कानं खुणेनं ठरवलं, बुद्ध पौर्णिमेपर्यंत अक्षर बोलायचं नाही. म्हणजे तीन-साडेतीन महिने. दाखवायलाही ती गेली नाही, गेलं तर बोलायला लावतील म्हणून. डॉक्टर सोडून सगळ्यांना ते बरोबर वाटत होतं.

ती चमच्यानं ताटलीवर वाजवून आम्हाला बोलवायची. मला एक टिचकी, भावाला दोन. शाळेतनं रजा काढलेली. दिवसभर तांदूळ निवडायची, आमच्या पोरांच्या सदऱ्यांना बटणं लावायची. तोंडावर काय शांती होती म्हणून सांगू. एखाद्यानं बी पेरून वाट बघत बसावं तशी ती बसली होती. आमची मोठी मुलगी एकदा झोपेत दचकून उठली तर आक्काच्या तोंडातनं तिचं नाव निघता निघता राहिलं. तिनं ओठ दातात धरले आणि पोरीला नुसती थोपटत बसली.

बुद्ध पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून ती विहारात आली. त्रिसरण सांगायचा मान दरवर्षी तिचा. गल्ली सगळी जमलेली. मेणबत्ती लावली, हात जोडले, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. आवाज आला तो जाड, फाटका, खाली बसलेला. पुढं बसलेला एक लहान पोरगा मागं वळून बघायला लागला, कोण बोललं म्हणून. आक्का थांबली. परत सुरू केलं. परत तोच आवाज. तिनं हात जोडलेलेच ठेवले आणि ओठ मिटले. बाकीच्यांनी पुढचं म्हटलं. मीही म्हटलं, पण मला ते कसं म्हणवलं कुणास ठाऊक.

डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं. आवाजाच्या दोन पडद्यांतला एका बाजूचा हलत नाही, म्हणाले. तुम्ही लवकर बोलायला लागला असता तर आवाज थोडाफार परतला असता; कदाचित नसताही. आता आहे तो हाच. आक्कानं सगळं नीट ऐकून घेतलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "मौन धरून धरून मीच मारला त्येला." मी म्हटलं, असं काय न्हाय. पण माझ्या म्हणण्याला काय किंमत होती?

त्यानंतर ती गाण्याच्या वाऱ्याला उभी राहीना. पेटी उघडली की उठून परसात जायची. शाळेत पोरं तिच्यामागं तिच्या आवाजाची नक्कल करायची. पूर्वी जिच्या नजरेनं गप्प व्हायची तीच पोरं. बोलावणी येत होती, ती सासरे परत धाडत होते. एकदा एका गावची मंडळी आली. चहा घेता घेता त्यातला एक म्हणाला, "वहिनी हायेतच, त्यांच्या शेजारी एखादी बारीक आवाजाची पोरगी बसवू की. आमच्या गावात हाय एक." आक्का आतच होती. मी कपबशी त्याच्या हातातनं काढून घेतली, निम्मा चहा होता तरी. म्हटलं, "यष्टी चुकंल तुमची."

ते गेल्यावर आक्का बाहेर आली. "जा की. गा जा. माझ्यासाठी कशाला थांबलीयास?"

"मी कुणासाठी थांबले न्हाय. मला यष्टी लागतीय म्हणून जात न्हाय."

"यष्टी कधी लागली गं तुला?"

"आता लागाय लागली."

ती हसली नाही. पण मला एक कळलं होतं. डॉक्टरांनी तिचा श्वास वाचवला होता, पण ती परत गायली नाही तर आमच्या घरात नुसतीच श्वास घेणारी एक बाई उरणार होती. तिला परत पेटीपुढं बसवायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात बसलं. कसं, ते काही सुचत नव्हतं. अशीच दोनेक वर्षं गेली.

एका दुपारी मी जोंधळे पाखडत होते आणि तेच गाणं गुणगुणत होते, माझ्या खालच्या अंगानं. आक्का भिंतीला टेकून शेंगा फोडत बसली होती. आणि माझ्याही खालनं एक सूर आला. मी सूप हलवायची थांबले नाही. थांबले असते तर ती गप्प झाली असती. तिचा तो फाटका आवाज माझ्या खाली येऊन बसला होता, आणि बोलताना जितका खरबरीत, तितका लांबवल्यावर वाटत नव्हता. माझी नेहमीची जागा तिनं घेतली, मग मी जाणार कुठं? मी वर सरकले. धृपद संपलं. आक्का शेंगा फोडत म्हणाली, "वर जाताना नाकात जातीयास."

त्या संध्याकाळी आमचं दोघींचं ऐकून सासरे पेटीवर डोकं टेकून रडले. मग डोळे पुसून पट्टी शोधायला बसले. आक्काला जमेल अशी आणि मला झेपेल अशी. मला झेपतच नव्हती. ज्या बाईला गुरुजींनी ओठ हलवायला सांगितलं होतं तिनं वरची ओळ घ्यायची! पहाटे उठून मी घसा ताणायची. शेजारीण भिंतीपलीकडनं विचारायची, "सासू मारतीय व्हय गं?" आक्का समोर बसून शिकवायची. लई दुष्टपणानं शिकवायची. "ढकलू नगंस. तो आपणहून जातोय." माझा जात नव्हता आपणहून. मला तो बैलागत हाकावा लागायचा.

पहिला कार्यक्रम निपाणीला घेतला. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांचा मेळावा होता, दुपारचा. वखारीच्या अंगणात ताडपत्री बांधलेली, हवेत तंबाखूची धूळ, बायका खोकत खोकत बसलेल्या. त्यातल्या निम्म्यांनी आम्हाला पूर्वी ऐकलेलं. आक्काच्या गळ्यावरची खूण त्यांना दिसत होती. तिनं आज पदर लपेटला नव्हता.

दोन गाणी बरी झाली. मग मागनं आवाज आला, "दार उघडं हाय म्हणा, आक्का."

सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. आक्कानं कुणाकडंच बघितलं नाही. आम्ही सुरू केलं. धृपद एकदा गेलं, दोनदा गेलं, आणि तो 'ये' आला. ढोलकी थांबली. मी गेले वर. पोचलेसुद्धा. आणि तिथं पोचल्यावर मला काय झालं ते सांगते. खाली बघावं तर जमीन नाही, असं झालं. शेकडो बायका माझ्या तोंडाकडं बघतायत, पाठीमागं ढोलकी नाही, आणि माझ्या गळ्यात श्वास कितीसा उरलाय ते मला एकटीला माहीत. आवाज चिरला. थरथरला. आता पडतोय असं वाटलं, आणि खालनं आक्काचा सूर आला. मोठा केला तिनं तो, मुद्दाम. मी त्याच्यावर टेकले आणि श्वास संपेपर्यंत राहिले. आक्कानं धरला होता त्याच्या निम्मासुद्धा नसेल. पण मी खाली उतरेपर्यंत तिनं सोडला नाही.

बायकांनी पदर तोंडाला लावले. गाणं चांगलं झालं म्हणून की आक्काच्या आवाजाचं वाईट वाटलं म्हणून, मला आजही सांगता यायचं नाही. नंतर गराडा पडला तो दोघींभोवती.

निपाणीच्या स्टँडवर यष्टीची वाट बघत आम्ही दोघी बाकावर बसलो होतो. सासरे आणि नवरा पेटी टपावर चढवायला हमाल बघत होते. आक्का म्हणाली, "वर गेल्यावर भ्यालीस."

"व्हय."

"मी बी भ्यायची. दर बारीला. खाली तुझा आवाज हाय का ते आधी ऐकायची, मग वर जायची. तू नसतीस तर मी तिथवर कधीच गेली नसती."

माझं डोकं सणकलं. इतकी वर्षं मी तांबे पोचवले, नवऱ्याशी भांडले, आपण म्हणजे नुसती मागनं ओढलेली झील, आपल्या जागी कुणीही चाललं असतं, असं धरून चालले. "मग एवढी वर्सं सांगितलं का न्हाय?"

आक्का त्या जाड, फाटक्या आवाजात म्हणाली, "आवाज हुता तवा कशाला सांगीन? आवाज हुता तवा गुर्मी हुती."

मी रडले, स्टँडवर, माणसांच्या देखत. तिनं गप्प केलं नाही. यष्टी आली तेव्हा बसायला एकच जागा मिळाली. तिथं तिला बसवलं आणि मी बेळगावपर्यंत तिच्या शेजारी दांडा धरून उभी राहिले.